तारेने बांधलेला व्हॉल्व्ह

दादाच्या लाँड्रीत इस्पितळांच्या चादरी धुतल्या जात. बॉयलर सांभाळायला धाकटा भाऊ होता, फिटर. त्या दुपारी तो जेवून आला, तर सेफ्टी व्हॉल्व्ह तारेने आवळून बांधलेला. वाफ जास्त झाली की ती सोडून द्यायची, एवढंच त्या व्हॉल्व्हचं काम. दाबाचा काटा लाल रेघेला टेकला होता.

"दादा, हे कुणी केलं?"

"मी. सारखा फुसफुसतो. संध्याकाळपर्यंत चादरी पोचवायच्यात."

"भिंतीपलीकडे सात बायका इस्त्री करताहेत!"

"देव आहे त्यांना. आणि पाप-पुण्याच्या गोष्टी तू कुठल्या तोंडाने सांगतोस? तुझा तर देवच नाही. मग हे चूक, ते बरोबर, हे तुला सांगतं कोण?"

जेवताना हाच वाद कितीदा झाला होता, आणि दरवेळी दादाच जिंकला होता. "ते मला माहीत नाही," फिटर म्हणाला. "पण तुला माफ करायला कुणीतरी आहे. मला कुणी नाही."

तो पक्कड घेऊन पुढे झाला. दादाने त्याला बाहेर ढकललं, बॉयलरच्या खोलीला कुलूप घातलं आणि इस्त्रीच्या खोलीत जाऊन बायकोला म्हणाला, "तू जरा घरी जा."

वहिनी देवाचं नाव घेतल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसे. तिने इस्त्री उभी ठेवली. "मी एकटीच का?"

दारात दीर उभा, चेहरा पांढराफटक. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"उठा गं सगळ्या. आहे तसं टाका."

शेवटची बाई रस्त्यावर आली आणि पाठीमागे जमीन हादरली. भिंत इस्त्रीच्या टेबलांवर आडवी झाली होती. धुळीतून दादा चालत आला, कानातून रक्त येत होतं.

तासाभरात चौकशीला बॉयलर खात्याचे साहेब आले, त्यांनी ढिगाऱ्यातला व्हॉल्व्ह पाहिला. "तार कुणी बांधली?"

"बॉयलर त्याच्याकडे होता," दादा भावाकडे बोट दाखवून म्हणाला. आवाज जराही हलला नाही.



"खोटं आहे," वहिनी म्हणाली. "ह्यांना सगळं ठाऊक होतं. मला एकटीलाच घरी पाठवत होते."

साहेबांनी लिहून घेतलं. उद्या दोघांनी कचेरीत यावं, असं बजावून ते निघून गेले.

"वहिनी, आज आमच्याकडे चला," फिटर हळूच म्हणाला.

"मुली शाळेतून आल्या असतील."

दादाने गाडीचं दार उघडून धरलं होतं. ती आत बसली. त्याने दार अगदी हलक्या हाताने लावलं.