तोंडओळख

तिने स्कूटर फाटकाजवळच आडवी लावली, हेल्मेट आरशाला अडकवलं आणि सरळ त्या माणसासमोर जाऊन उभी राहिली.

"तुमची मुलगी कोणती?"

शाळा नुकतीच सुटली होती. एकसारख्या गणवेशातल्या मुली घोळक्याने बाहेर पडत होत्या. तो विजेच्या खांबाशेजारी ताठ उभा राहून प्रत्येक मुलीला अगदी नखशिखांत न्याहाळत होता. हे ती कितीतरी दिवस बघत होती, पण लेकीला घेऊन तिला लगेच निघावं लागायचं. शाळेच्या वाटेवर कुणीतरी मुलींच्या मागे लागतं, अशी कुजबुज पालकांमध्ये होतीच. आपल्या औषधांच्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलताना मध्येच तिला तो खांब आठवायचा.

"येईल ती," तो म्हणाला.

"येईल ती नाही. आत्ता दाखवा. या सगळ्यांतली कोणती?"

त्याने फाटकाकडे पाहिलं. दोन वेण्यांची एक सावळी पोर इकडेच बघून हसत होती. ती हिचीच लेक होती; आईला पाहून हसत होती. त्या माणसाचा हात किंचित वर आला, अर्ध्यात थांबला आणि खाली गेला.

"नाही सांगता येणार," तो म्हणाला. "मला चेहरे ओळखता येत नाहीत. डोक्याला मार बसलाय. फौजेत होतो."

एव्हाना भोवती माणसं जमली होती. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"पोटच्या पोरीचा चेहरा ओळखता येत नाही?"

"फौजेत म्हणे! चांगला हातीपायी धड आहे की."

दोघातिघांनी मोबाइल वर धरले. एका दांडगट गृहस्थाने पुढे होऊन त्याची कॉलर पकडली. फौजेतल्या त्या माणसाने आपले दोन्ही हात पाठीमागे नेले आणि बोटं एकमेकांत घट्ट गुंतवली. आता हा गयावया करणार, असं तिला वाटलं. पण तो कॉलर धरणाऱ्याला हलक्या आवाजात म्हणाला,

"पोरी घाबरल्यात. त्या भिंतीमागे चला, तिथे काय ते करा."

तेवढ्यात वर्गशिक्षिका बाहेर आल्या. त्यांच्या हाताला धरून एक मुलगी चालत होती. तिचा घोळणा फुटला होता. नाकात कापसाचा बोळा, गणवेशावर रक्ताचे थेंब. समोरचा प्रकार दिसताच तिने हात सोडवून घेतला, माणसांच्या पायांमधून वाट काढली आणि त्याच्या कमरेला मिठी मारली.

"बाबा, मी."

तेव्हा कुठे त्याची बोटं सुटली. तो खाली बसला, तिची हनुवटी वर करून त्याने बोळा नीट बसवला. कॉलर आधीच सुटली होती. मोबाइल खिशात गेले. ज्याला त्याला एकाएकी घरची घाई झाली.

"तुम्ही सांगितलं नाहीत त्यांना?" मुलीने विचारलं.

"सांगितलं."

"मग?"

"पटलं नाही गं त्यांना. मलाही सुरुवातीला कुठे पटलं होतं?"

दोघं हात धरून निघून गेली. ती मात्र स्कूटरपाशी उभीच राहिली. तिची लेक ओढणी ओढत होती.

"सुरुंग काढायचे ते," वर्गशिक्षिका म्हणाल्या. "एक फुटला. वरून काही दिसत नाही, पण आरशातला स्वतःचा चेहरासुद्धा त्यांना परका वाटतो. मुलगी कुठे दिसते का, ते चालीवरून शोधत असतात. खरं तर त्यांनी खांबापाशी थांबायचं आणि तिने त्यांच्याकडे जायचं, असं त्यांचं ठरलेलं आहे. आज ती माझ्याजवळ अडकली."

"अंदाजाने कुणाकडेही बोट दाखवलं असतं, तरी सुटले असते," ती म्हणाली. तो अर्ध्यात थांबलेला हात तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हता.

"आणि ती दुसऱ्या कुणाची निघाली असती तर? परका माणूस आपल्याला लेक म्हणतो, याचं त्या पोरीने काय समजायचं?"

लेकीला पुढ्यात उभं करून तिने स्कूटर सुरू केली.

दुसऱ्या दिवशी माफी मागायची असं ठरवूनच ती आली. तो खांबाशेजारी होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. आपण कोण, हे याला कधीच कळणार नाही, हे तिच्या लक्षात आलं. तिचा जीव भांड्यात पडला. लगोलग स्वतःचीच लाज वाटली.

"ऊन वाढलंय," ती एवढंच म्हणाली.

"हो ना," तो म्हणाला आणि भिंतीच्या सावलीत तिला जागा करून दिली.

मग रोजचंच झालं. तो फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायचा. नखांच्या कडा कायमच्या तांबूस झाल्या होत्या. बोलका होता. एकदा मेहुणा भर रस्त्यात समोरून आला आणि हा सरळ पुढे निघून गेला. मेहुण्याने वर्षभर अबोला धरला.

"त्याला वाटलं, मला शिंगं फुटली. बायकोला विचारा, ते वर्ष किती सुखाचं गेलं."

ती हसली. माफी जिभेवर यायची आणि परत गिळली जायची. ओळख वाढत गेली तसं ते सांगणं आणखीच जड होत गेलं.

शेवटी एक दिवस तिने त्याच्याकडे न बघता बोलून टाकलं.

"त्या दिवशी तुम्हाला सगळ्यांसमोर जाब विचारणारी बाई... ती मी."

"माहीत आहे," तो म्हणाला.

तिने चमकून पाहिलं.

"आवाज राहतो माझ्या लक्षात. दुसऱ्या दिवशी तुम्ही तोंड उघडलंत तेव्हाच कळलं."

"मग इतके दिवस काही बोलला का नाहीत?"

"तुम्हाला बोलायचं होतं, ते दिसत होतं. म्हटलं, बोलतील सवडीने." त्याने फाटकाकडे नजर वळवली. "आणि एवढ्या माणसांत समोर येऊन विचारणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात. बाकीचे तमाशा बघायला आले. पोरींच्या राखणीला असं कुणीतरी हवंच."

घंटा झाली. फाटक उघडलं. तिची लेक धावत आली आणि सवयीने स्कूटरकडे वळू लागली. तिने लेकीचा दंड धरून तिला त्याच्यासमोर उभं केलं.

"काकांना तुझं नाव सांग."

"अगं आई, ते रोज बघतात मला."

"तरी सांग. रोज सांगायचं."

पोरीने एकदा आईकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग दप्तर सावरलं आणि वर्गात हजेरी द्यावी तसं खणखणीत आवाजात आपलं नाव सांगितलं. तो जरासा वाकला आणि कान देऊन त्याने ते ऐकलं.