घोंगडीवर न बसलेलं जलयंत्र

शीतलानंद महाराजांच्या ट्रस्टचं पत्र माझ्या टेबलावर पडून होतं. "आपण पदार्थविज्ञानाचे निवृत्त शिक्षक. आमच्या जलशक्ती यंत्राबद्दल दोन ओळींचा अभिप्राय पाठवावा, पुस्तिकेत छापू." मी उत्तर दिलं नाही. यंत्र खोटं असावं असं वाटत होतं; पण शिकवणं सोडून जमाना झाला, नवं काही निघालंही असेल. मला स्वतःविषयी शंका फार लवकर येते.

मग उदगीरला, माझ्या शेजारच्या संगप्पाच्या घरी, ते यंत्रच येऊन थडकलं.

ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. श्रावणात पावसानं दडी मारलेली, दमट उकाड्यानं अंग चिकट झालेलं, आणि महाराजांनी सोबत आणलेल्या, कापडानं झाकलेल्या चौथऱ्यावरच्या त्या कपाटाएवढ्या पेटीतून गार वारा येत होता. वर विजेचा दिवा जळत होता. भिंतीला कुठं वायर नाही. महाराज वरून तांब्याभर पाणी ओतायचे, खालच्या नळीतून थेंब थेंब पाणी पडायचं. त्या तीर्थासाठी बायका ओंजळी धरून बसल्या होत्या.

"पाणी पेलं, वीज दिली, गारवा दिला, अन् पाणी परत!" महाराज गरजले. "अमेरिकेचे शास्त्रज्ञ आले होते. म्हटलं, आधी चपला काढा, मग ऋषींचा फॉर्म्युला इचारा!"

पेटीच्या काचेआड निळे मणी होते. ते हळूहळू गुलाबी होत होते. शिष्य बजरंग बोट दाखवून म्हणाला, "बघा, घरातलं पाप ओढून घेऊन राहिलंय!"

"लई पाप निघालं की संगप्पा तुझ्या घरात!" मागून कुणीतरी म्हणालं.

संगप्पा हसला नाही. त्याची आई लक्ष्मम्मा आतल्या खोलीच्या दाराशी खाटेवर होती, नाकात नळी. फुप्फुसं थकलेली. तिचं ऑक्सिजनचं मशीन घरच्या विजेवर चाले. वीज गेली की इन्व्हर्टरवर. आता ते पेटीला जोडलं होतं. ज्याला यंत्र हवं त्यानं 'जुन्या विजेचा त्याग' करायचा, म्हणजे इन्व्हर्टर आणि बॅटरी मठाला वाहायची, अशी महाराजांची अट होती. संगप्पाचा इन्व्हर्टर दारातल्या टेम्पोत चढलासुद्धा होता.

"सर, तुमी शिकलेले. बोला की, बरोबर करून राहिलो ना मी?"

मी हळूच म्हणालो, "संगप्पा, पाणी म्हणजे हायड्रोजनची राख आहे. जळून झालेली वस्तू. ती परत कशी जळेल?"

"सर आता वयानं थकलेत," महाराज म्हणाले. हशा पिकला. मी भिंतीकडे सरकलो.

"राख व्हय?" लक्ष्मम्मानं दम घेतला. "मग विभूतीवर भाकर भाजती का, महाराज?"

"अव्वा, गप बस गं!" संगप्पा आईवर खेकसला.

"बसते गप. पण आमच्या घरात गुरू येवो का देव, घोंगडीवर बसतो. परक्या चौथऱ्यावर न्हाई. घोंगडी काढ."

"माते, यंत्र चौथऱ्यावर स्थापित हाय. हलवता येत न्हाई," महाराज घाईनं म्हणाले.

पण गल्लीतल्या प्रत्येक घरानं जंगमाचे, म्हणजे लिंगायतांच्या गुरूचे, पाय घोंगडीवरच धुतलेले. देवाला तो मान नाही म्हणजे काय! संगप्पानं घोंगडी अंथरली, आणि बजरंग आडवा येईपर्यंत दोन शेजाऱ्यांनी 'हर हर महादेव' म्हणत पेटी उचललीसुद्धा.

चौथऱ्याच्या भगव्या कापडाखाली फट्कन आवाज झाला, मग फुसफुस. दिवा गेला. लक्ष्मम्माचं मशीन टी टी करून ओरडू लागलं. इकडे शेजारची साखराबाई आरतीचा कापूर पेटवायला काडी काढत होती.

"काडी ओढू नका!" मी ओरडलो. वर्गातही असा कधी ओरडलो नव्हतो. "सगळे बाहेर! दारं-खिडक्या उघडा!"

बजरंगला कुणी काही विचारलं नाही. त्यानं कापडाखाली हात घातला आणि न बघता नेमकी चावी पिळली. फुसफुस थांबली. आत खाटेपाशी संगप्पानं मशीनची वायर भिंतीच्या बोर्डात घातली. लक्ष्मम्माच्या छातीचा भाता हळूहळू शांत झाला.

कापड ओढलं. पोकळ चौथऱ्यात हायड्रोजनचं सिलिंडर आडवं झोपवलेलं होतं, पेटीकडं जाणारी त्याची नळी निखळलेली.

"ही भक्तीची परीक्षा होती," महाराज म्हणाले.

"परीक्षा न्हाई रे बाबा," लक्ष्मम्मा म्हणाली, "माझा दम काढून राहिला होतास तू."

पेटी खरी होती, म्हणूनच मला जास्त किळस आली. हिला फ्युएल सेल म्हणतात. हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन तिच्यात एकत्र येतात. वीज मिळते आणि पाणी उरतं. बायका ओंजळीत घेत होत्या ते तीर्थ म्हणजे या यंत्राचा धूर. निळे मणी सिलिका जेलचे. ते हवेतली ओल शोषतात, शोषली की गुलाबी होतात, तापवले की पुन्हा निळे. कोरडी झालेली हवा ओल्या जाळीतून गेली की गार होते. महाराजांचा तांब्या रिकामा व्हायचा तो त्या जाळीवर. माणसानं कष्टानं शोधलेली ही चांगली वस्तू घेऊन हा माणूस एका म्हातारीचा श्वास गहाण घेत होता. सिलिंडर संपलं असतं, वीज गेली असती, आणि इन्व्हर्टर मठात असता.

इन्व्हर्टर टेम्पोतून उतरून जागेवर बसला तसा मी ट्रस्टला अभिप्राय लिहायला बसलो.

"आपलं यंत्र पाण्यावर चालत नाही, लपवलेल्या हायड्रोजनवर चालतं. वाचकांना माझी विनंती आहे: चमत्कार पाहा, पण त्याआधी झाकलेलं कापड उचलायला सांगा. उचलू दिलं नाही, तर त्या माणसाच्या शब्दावर घरातली औषधाची गोळीसुद्धा बंद करू नका. अभिप्राय छापायचा तर पूर्ण छापावा."

लक्ष्मम्मानं खाली आपली ओळ घालायला लावली: "मी जित्ती हाय."

दोघांची नावं लिहिली, पाकीट चिकटवलं आणि पोस्टात टाकून आलो.