पुलाच्या मधोमध मुखरू

देशी दारूचं दुकान चालवूनही मी थेंबभर पीत नाही, याचं लोकांना हसू येतं. हसोत बापडे. हलवाई कुठं रोज पेढे खातो?

दुकान वैनगंगेच्या काठी, चंद्रपूर जिल्ह्याच्या अगदी टोकाला आहे. पूल ओलांडला की गडचिरोली, आणि तिथे दारूबंदी. म्हणून पलीकडची माणसं दुपारी अलीकडे येतात, घसा ओला करतात आणि उतरेपर्यंत माझ्या दुकानापुढच्या मोहाच्या झाडाखाली पडून राहतात. तशीच परत गेली तर पुलापार नाक्यावर पोलीस असतात, आणि त्यांच्या हातून सुटली तर गावातल्या बाया असतात.

पलीकडून येणाऱ्या मुखरूला तर घरातच धाक होता. त्याच्या गावच्या दारूबंदी समितीची अध्यक्ष म्हणजे त्याचीच बायको, रुखमाबाई. माझं दुकान बंद व्हावं म्हणून तिने एकदा पुलावरून मोर्चा आणला होता. मी तेव्हा तिला मनातल्या मनात काय काय बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुखरू दर आठवडी बाजाराला यायचा, एक पव्वा घ्यायचा आणि झाडाखाली पांढरा दुपट्टा अंथरून झोपायचा. उठल्यावर तोंडाचा वास जावा म्हणून पेरूची पानं चघळायचा आणि चघळता चघळता त्याला पडलेलं सपन मला सांगायचा. मला स्वतःला सपनं पडत नाहीत. वैशाखातल्या दुपारी, मोहाच्या तांबूस पालवीतून ऊन झिरपत असताना त्याचं बोलणं ऐकलं की मी जागा आहे की झोपलोय, हेच कळेनासं व्हायचं.

एकदा म्हणाला, "देवाजीभाऊ, हा मोह पूल ओलांडून तिकडे गेलता. नाक्यावर पोलिसानं त्याच्या फुलायचा वास घेतला अन् झाडालेच ठाण्यात टाकलं."

"मंग?"

"मंग का? ठाण्यात सावली पडली. सारे पोलीस झोपले."

त्या एका सपनावर माझा आठवडा निघाला.

मग नवा नियम आला. दारूच्या दुकानासमोर कुणी विनाकारण थांबायचं नाही, बसायचं नाही. उत्पादन शुल्काचे साहेब जातीने आले, मोहाकडे बोट दाखवून म्हणाले, "इथे एक जरी माणूस दिसला तरी परवाना गेला समजा." प्यायलेल्या माणसाने मग जायचं कुठं, ते नियमात नव्हतं. साहेबावर चिडायची माझी छाती नव्हती. तेव्हा वड्याचं तेल वांग्यावर निघालं.

पुढच्या बाजाराला मुखरूने पव्वा संपवला आणि सवयीने दुपट्टा अंथरला. मी गल्ल्यावरूनच ओरडलो, "ऊठ तिथून! माह्या पोटावर पाय देतं का?"

"कुठी जाऊ? झोप व्हाची हाये अजून."

"कुठीबी जाय, पन इथी नोको."

त्याने दुपट्टा झटकला, नीट घडी केली आणि गेला. भांडलाही नाही. जाऊन जाऊन नदीच्या वाळूत पडेल, असं मला वाटलं. ऊन कलू लागलं तसं झाडाखालच्या रिकाम्या सावलीकडे बघवेना. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, "पुलावर एक बुढा झोपून हाये. ट्रका हॉर्न मारून राह्यल्या."

 दुकान उघडं टाकून मी धावलो.

पुलावर पिवळं ऊन साचलं होतं. खाली पाणी हलत नव्हतं, पलीकडचा काठ धुरकट हवेत तरंगत होता. कितीही धावलो तरी पूल सरेना. सपनात असंच होतं म्हणतात.

मधोमध कठड्याला टेकून मुखरू झोपला होता. आणि त्याच्या अंगाला लागून, रस्त्याच्या बाजूने, रुखमाबाई बसली होती. ट्रक आला असता तर आधी तिला लागला असता.

"इकडे बसाले बंदी, तिकडे पिऊन याले बंदी," ती म्हणाली. "मधात कोनाचंच राज्य नाई, म्हने हा. म्हनून इथी झोपला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाई, तुमाले कसं समजलं?"

"दर बाजाराले मी पुलाच्या त्या टोकाले बसून राहो. तुह्या झाडाखाली दुपट्ट्याचा पांढरा ठिपका दिसे. ठिपका उठला का मी पुढं घरी जावो अन् चूल पेटवो. आज ठिपकाच दिसला नाई."

"म्हंजे तुमाले पयलेपासून ठाऊक होतं?"

"पेरूच्या पानानं का वास जाते, भाऊ?"

एक ट्रक जवळून गेला. पूल थरथरला. मुखरू झोपेतच थोडा हलला. तिने त्याच्या छातीवर हात ठेवला आणि तो पुन्हा शांत झाला.

"बिनकामाचं बसू नोका म्हनते न तुमचा नियम?" ती म्हणाली. "पुढच्या बाजारापासून मी येईन. त्या झाडाखाली याच्यापाशी बसीन. साहेबानं इचारलं तं सांगीन, माहं काम हाये, नवऱ्याले घरी न्याले आली."

"अन् समिती?"

"दारूच्या दुकानापुढं बसनारी बाई अध्यक्ष कशी राहीन? उद्या सकाळीच जाऊन सांगीन बायांले, दुसरी पाहा म्हनून."

हे तिने पोळ्या लाटता लाटता बोलावं तशा आवाजात सांगितलं. मोर्चाच्या दिवशी हीच बाई माझ्या दारात उभी राहिली होती, आणि तिच्या आवाजाने माझं शटर खाली आलं होतं.

 समोरून दुसरा ट्रक येत होता. मी तिला वळसा घालून रस्त्याच्या बाजूला गेलो आणि तिथे खाली बसलो.