टोपीखालचे आबा

धुळ्याच्या दिपमालाने काढलेली माणसांची चित्रं साधी नसतात. दोंडाईच्याच्या एका कापडवाल्या शेठने तिच्याकडून बायकोचं चित्र काढून घेतलं, दिवाणखान्यात टांगलं, जरा वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा बायकोला विचारलं, "तू जेवलीस का?" ती बिचारी अशी दचकली, की तिच्या हातून पडलेल्या परातीचा आवाज थेट साक्रीच्या बाजारात ऐकू गेला. पटत नसेल तर साक्रीला जा. तिथला एक शेळीवाला अजून तो आवाज तोंडाने काढून दाखवतो.

ही कीर्ती चोपड्याकडच्या भाईदास आबांच्या कानावर आली तेव्हा त्यांचा नवा बंगला नुकताच उभा राहिला होता. आबा म्हणजे केळीचे मोठे बागायतदार, आबा म्हणजे कडक पांढरी टोपी आणि आबा म्हणजे बिबट्या. पूर्वी कधीतरी केळीच्या बागेत त्यांची आणि बिबट्याची गाठ पडली होती आणि आबांनी केळीचा अख्खा घड फेकून त्याला लोळवला होता. सुरुवातीला तो बिबट्या वासराएवढा होता. पण आबांनी सांगून सांगून त्याला असा पोसला, की आता तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मावेना. गावात त्यांचा शब्द चालायचा तो ह्याच जनावराच्या जोरावर. कुठला वाद निघाला की कोणीतरी म्हणायचंच, "बिबट्या लोळवणाऱ्या माणसाशी काय बोलायचं, बाबा!"

तर आबा धुळ्याला दिपमालाच्या खोलीवर गेले आणि म्हणाले, "पोरी, मी उभा, डोक्यावर टोपी, पायाखाली बिबट्या. बघणाऱ्याची छाती दडपली पाहिजे."

"बिबट्याचं बघू नंतर," दिपमाला रंग कालवत म्हणाली. "आधी टोपी काढा."

"काय?"

"माझी रीतच आहे, आबा. ज्याच्याशिवाय माणूस उंबरठा ओलांडत नाही, ते काढून बसायचं. दोंडाईच्याच्या काकूंनी डोक्यावरचा पदर उतरवला."

"अगं, आम्ही टोपी काढतो ती कोणाच्या मयतीला!"

"मग समजा, टोपीवाले आबा गेले. राहिलेले आबा मला द्या."

 आबा भिंतीकडे पाहू लागले. तिथे एका बाईचं चित्र होतं. डोळे मिचमिचे, नजर चाचपडणारी, समोर माणूस आहे की खांब हेही न कळणारी.

"ही कोण?"

"मीच. चष्मा काढून. लोकांना वाटतं मला सगळं लख्ख दिसतं."

आबांनी पुन्हा चित्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि टोपी उतरवून मांडीवर ठेवली. डोकं असं पांढरंफटक, की त्याला ऊन म्हणून ठाऊक नव्हतं.

"बिबट्या आला तेव्हा टोपी होती डोक्यावर?" दिपमालाने सहज विचारलं.

आबांचा हात टकलावर गेला आणि तिथेच राहिला.

"पडली," ते म्हणाले.

"कशी?"

आबांनी मांडीवरची टोपी दुसऱ्या हाताने घट्ट धरली. दिपमालाचा हात मात्र सपासप चालू लागला.

पुरं होईपर्यंत चित्र दाखवायचं नाही, हीही तिची रीत. वास्तुशांतीच्या दिवशी ती स्वतःच चादरीत गुंडाळलेलं चित्र घेऊन आली. दारात भरीत शिजत होतं, गाव जमलं होतं. आबा केशरी फेटा बांधून पाहुण्यांना सामोरे गेले होते, तेवढ्यात त्यांचा चुलत भाऊ हेमराज याने चित्र दिवाणखान्यात टांगलं आणि चादर ओढली.

टोपी नाही. एक हात टकलावर. डोळे एवढाले झालेले, ओठ सुटलेले. दप्तर हरवलेल्या पोरासारखा चेहरा.

गलका थांबला. बोडक्या डोक्याचा माणूस फ्रेममध्ये बघून बेबाबाई अक्कांनी, आबांच्या म्हाताऱ्या आत्याने, पूजेतला हार उचलला, चित्राला घातला आणि गळा काढला.

"अक्का, मी जित्ता शे!" आबा दारातून ओरडले.

लोक हसले. मग पुन्हा चित्राकडे बघू लागले. आबांनीही आता ते पाहिलं. एवढ्या वर्षांचा रुबाब, पंचायतीतला शब्द, सगळं त्या चौकटीत उघडं पडलं होतं. चित्रावर पुन्हा चादर टाकावी की दिपमालाला घालवून द्यावं, त्यांना समजेना. ती मात्र खांबाला टेकून शांत उभी होती.

हेमराजला अशी संधी पुन्हा कुठे मिळणार? घरातही गॉगल न काढणारा गडी तो. चित्रासमोर ठाण मांडून म्हणाला, "भाऊ, बठ्ठं गाव, लहानथोर, बिबट्या बघायला आलं. चित्रमा बिबट्या कोठे शे?"

आबा चित्राजवळ गेले. हार काढला. मग फेटा काढला. वरचा चेहरा आणि खालचा चेहरा एक झाले.

"बिबट्या चित्रात कसा असेल?" ते म्हणाले. "तो माझ्यासमोर होता. आत्ता तू उभा आहेस ना हेमराज, बरोबर तिथे."

हेमराजने टुणकन उडी मारून जागा सोडली. मागची माणसंही सरकली. ती जागा मोकळीच राहिली, तिच्यावर पाय द्यायला कोणी धजेना.

"आणि घड?" कोणीतरी हळूच विचारलं.

"कसला घड? पळालो!" आबांचा आवाज चढला. "पण असा पळालो, की टोपी मागून माझ्याकडे पळत आली तरी मला गाठू शकली नाही! चोपड्याची एसटी मागे टाकली. ड्रायव्हरने हात केला, पण थांबतो कोण? बिबट्या बिचारा दमून केळीखाली बसला. ह्या खान्देशात माझ्यासारखा घाबरलेला माणूस दाखवा, बंगला त्याच्या नावावर करतो!"

वना सुतार पुढे आला. "आबा, मी विहिरीत उतरताना अजून डोळे मिटतो."

"मीठ नाही तुझ्या भीतीला," आबा म्हणाले. "माझ्या भीतीने बिबट्या घाबरला!"

भरीत संपेपर्यंत गाव आपापली भीती मांडत होतं आणि आबा प्रत्येकाला मागे टाकत होते. सध्या त्यांनी इंदूरची रेल्वे मागे टाकली आहे, असं कळतं.

जाताना हेमराजने दिपमालाला गाठलं. इकडेतिकडे बघत म्हणाला, "ताई, माझं पण एक काढा ना."

"काढते की," दिपमाला म्हणाली. "गॉगल घरी ठेवून या."