शून्याला काय बक्षीस?

मित्रांनो, मी एक जुना ब्रेथ अॅनालायझर आहे. म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणारा माणूस ज्यात फुंकतो आणि मग ज्याच्याकडे मोठ्या आशेनं बघतो, ते यंत्र. पोलीस मला 'मशीन' म्हणतात. फुंकणारे काय काय म्हणतात ते इथे सांगत नाही, कारण वाचणाऱ्यांत लहान मुलं असतील.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोटात दारूचा वास ओळखणारा सेन्सर, डोक्यावर काचेचा पडदा, बाजूला दोन बटणं आणि आत पक्की स्मरणशक्ती, एवढं सामान घेऊन मी जगात आलो. एवढ्या सामानावर माणसं खात्यात साहेब झालेली मी पाहिली आहेत. मी मात्र मशीनच राहिलो.

माझं काम सोपं. तोंडाला नवी नळी लावायची, समोरच्यानं फुंकायचं, मी आकडा दाखवायचा. आमच्याकडे मर्यादा तीस. तीसच्या आत हिरवा दिवा, तीसच्या वर लाल. प्रत्येक फुंकरीचा आकडा आणि वेळ माझ्यात साठून राहते. पुसायची सोय आहे, पण त्यात निवडानिवड नाही. पुसलं की सगळंच जातं.

माझी उमेदीची वर्षं एका हवालदाराच्या खिशात गेली. आम्ही दोघं नाक्यावर उभे राहायचो. सुट्ट्यांचे दिवस आले की आमची सुट्टी संपायची. काय काय माणसं भेटली! एक जण फुंकायच्या ऐवजी मला ओढायचा. एकानं मला माईक समजून दोन कडवी गायली, आणि सुरात गायली. एक गृहस्थ म्हणाले, "साहेब, खोकल्याचं औषध घेतलंय." हवालदार म्हणाला, "किती?" ते म्हणाले, "पाऊण बाटली. खोकला जुना आहे." एकानं तर पकडलं जाऊ नये म्हणून टूथपेस्टची अख्खी ट्यूब खाल्ली होती. त्याचा आकडा ब्याऐंशी आला, पण दात पांढरेशुभ्र होते, हे मान्य करायला हवं.

एका वर्षी आमच्या नाक्यावर सुट्ट्यांत एकही अपघात झाला नाही. हवालदाराचा सत्कार झाला. फोटोत मी त्याच्या हातात आहे. अंगठ्याखाली अर्धा झाकलो गेलोय, पण आहे.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यामुळे मी आज कपाटात आहे.

सुट्टीचा दिवस होता. हवालदाराची ड्युटी संध्याकाळी सहाला सुरू होणार होती. ड्युटी संपली की मला ठाण्याच्या कपाटात ठेवायचं, हा नियम. पण कपाटाची किल्ली ज्या कारकुनाकडे होती, तो किल्लीसकट सुट्टीवर गेला होता. म्हणून आदल्या रात्री हवालदारानं मला घरी आणलं आणि टीव्हीवर ठेवलं. टीव्हीवर ठेवलेली वस्तू कुणाच्या नजरेतून सुटत नाही. त्याची दहा वर्षांची मुलगी होती, तिला सगळे चिमणी म्हणत. तिनं सकाळीच मला पकडलं.

"बाबा, मी फुंकू?"

"एकदाच. आणि नळी नवी घे."

त्या दिवशी घरातल्या पंख्याची कुरकुर काढायला एक वायरमन आला होता. सायकलला शिडी बांधून आला, पंखा उतरवला, तेल दिलं, पुन्हा चढवला. पंखा असा गप्प झाला की हवालदाराची बायको म्हणाली, "आता हा फिरतोय की नाही हे बघायला वर मान करावी लागणार!"

वायरमन शिडीवरून उतरला तोच चिमणी मला घेऊन समोर उभी राहिली.

"काका, यात फुंका. जोरात."

त्या बिचाऱ्यानं शिडीला टेकून, डोळे मिटून, छाती भरून फुंकलं. अकरा वाजून चाळीस मिनिटं. पडद्यावर दोन शून्यं.

"अरेरे, शून्य," चिमणी हिरमुसली.

"मग? शून्याला काय बक्षीस?" त्यानं विचारलं.

चिमणीनं क्षणभर विचार केला. "शून्याला घरी जायला मिळतं. बाकीच्यांना बाबा पकडतात."

"हे बरंय. मग मी सुटलो."

"जेवून जा हो," हवालदाराची बायको म्हणाली.

"नको वहिनी. अजून दोन घरचे दिवे बघायचेत. तीनपर्यंत घरी नाही पोचलो तर बायको माझाच फ्यूज काढेल."

तो गेला. मला तो माणूस आवडला. मशीनला आवडनिवड नसते म्हणतात, पण दिवसभर दुसऱ्यांचं फुंकणं सोसणाऱ्याला शून्याचं काय अप्रूप असतं, ते मलाच ठाऊक.

दुपारी हवालदाराचे सासू-सासरे आले, मेव्हणा आला. मेव्हणा म्हणजे चिमणीचा मामा. लाडका, हसरा, नवी गाडी घेतलेला. जेवणाआधी बाटली उघडली. हवालदारानं स्वतः हात लावला नाही, त्याला ड्युटी होती. पण चिमणीनं कॅलेंडरच्या मागे निकालपत्रक आखलं आणि घरात परीक्षा सुरू झाली.

पहिले आजोबा. तीन पेले रिचवून त्यांनी ऐटीत फुंकलं आणि शून्य आलं. आजोबांनी मला उलटंपालटं करून पाहिलं.

"मशीन बिघडलंय."

"मशीन नाही बिघडलं," आजी चमच्यानं भात वाढत म्हणाल्या. "तुमच्या पेल्यात मी सरबत ओतत होते."

आजोबा त्यानंतर जेवण संपेपर्यंत बोलले नाहीत. सगळं घर हसत होतं. मीही हसलो असतो, पण मला दोनच दिवे आहेत.

आता मामा निघायला उठला. उठता उठता पेल्यात उरलेलं त्यानं घटाघट संपवलं. त्याची ताई, म्हणजे चिमणीची आई, म्हणाली, "गाडी इथेच ठेव. टॅक्सीनं जा. सकाळी ये न्यायला."

"अगं ताई, घरात पोलीस आहे, पोलिसाकडे मशीन आहे. याहून सरकारी काय पाहिजे तुला? भाऊजी, घ्या माझी परीक्षा."

हवालदार कामाचा माणूस. त्यानं नियमाप्रमाणे मामाला चूळ भरायला लावली, घड्याळ लावून दहा मिनिटं बसवलं, नवी नळी लावली. दोन वाजून वीस मिनिटं. सव्वीस. हिरवा दिवा.

"मामा पास!" चिमणी ओरडली आणि निकालपत्रकावर तिनं सव्वीसला गोल केला.

"काठावर पास," हवालदार हसून म्हणाला. "जा. हळू जा."

मित्रांनो, तो 'जा' हा शब्द मी पुढे खूप वेळा ऐकला. आधी चौकशीत, मग कोर्टात, आणि सर्वांत जास्त वेळा हवालदार एकटा असताना.

मामा लगेच गेला असता तर काय झालं असतं, मला माहीत नाही. पण आपल्याकडे पाहुणा लगेच जातो का? "निघतो" म्हणून तो दारात उभा राहिला. दारात गाडीच्या सर्व्हिसिंगचा विषय निघाला. जिन्यात आजोबांच्या गुडघ्याचा. खाली गाडीपाशी, "अरे, मुद्द्याचं राहिलंच," म्हणून आणखी एक. या सगळ्यात पस्तीस मिनिटं गेली. बाहेरून सगळं हिरवंच दिसत होतं, फक्त मामाच्या पोटात शेवटचा पेला हळूहळू रक्तात उतरत होता. मला दोन वीसला जे दिसलं ते मी खरं सांगितलं. तीन वाजता काय होणार आहे, हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. मी मशीन आहे, ज्योतिषी नाही.

तीन वाजून पाच मिनिटांनी बेकरीवाला धावत आला. "हवालदारसाहेब, कोपऱ्यावर चला. तुमच्या पाहुण्यांची गाडी..."

मी हवालदाराच्या खिशातच होतो. तो चपला न घालता धावला.

बेकरीच्या वळणावर एक सायकल आडवी पडली होती. तिचं मागचं चाक वाकलं होतं. शिडी रस्त्याच्या मधोमध होती, दोन पायऱ्या वाकलेल्या. वायरमनच्या अंगावर बेकरीतलं पांढरं कापड टाकलेलं होतं. ते तोंडावरूनही ओढलेलं होतं, म्हणून हवालदार वाकला आणि तसाच परत उभा राहिला.

मामा फुटपाथच्या कडेला बसला होता. त्याला खरचटलंही नव्हतं.

"भाऊजी, मी पास होतो. तुमच्यासमोर पास होतो. विचारा मशीनला."

हवालदारानं माझ्या तोंडाला नवी नळी लावली. "फुंक," तो म्हणाला.

तीन वाजून आठ. सत्तेचाळीस. लाल दिवा.

मामानं आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. जणू मी त्याला फसवलं होतं.

त्या संध्याकाळी हवालदार ड्युटीवर गेला नाही. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर होतो. दुपारची ताटं तशीच पडली होती. चिमणीची आई बराच वेळ नळ सुरू ठेवून उभी होती. मग नळ बंद करून म्हणाली, "अहो, ते पुसून टाका."

"काय?"

"मशीनमधलं. कुणाला कळणार नाही तुम्ही ते घरी आणलं होतंत. माझा भाऊ गेला तो गेलाच आत. तुमची तरी नोकरी राहू दे. आपल्याला पोरगी आहे."

हवालदारानं मला हातात घेतलं. अंगठा बटणावर ठेवला. दोन सेकंद दाबलं की पुरे. त्याचा अंगठा मला लहानपणापासून, म्हणजे माझ्या लहानपणापासून, ओळखीचा. तो इतका गार कधी लागला नव्हता.

दारात चिमणी उभी होती. कधी आली कुणास ठाऊक.

"बाबा, मशीन खोटं बोललं?"

"नाही गं. मशीन खरं बोललं. आपणच त्याला चुकीचं विचारलं. 'चालेल का' असं विचारलं."

ती म्हणाली, "तुम्ही पुसलंत तर वायरमनकाकांचं शून्यपण जाईल?"

हवालदारानं अंगठा उचलला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला स्वतः ठाण्यात जमा केलं, सोबत दोन पानी जबाब. मशीन घरी नेलं, त्याचा खेळ केला, आणि मेव्हण्याला 'जा' म्हणालो, असं तीन ओळींत लिहिता आलं असतं. त्याला दोन पानं लागली. आठ महिने तो निलंबित होता. मामाला शिक्षा झाली. हवालदार परत आला तेव्हा नाक्यावर त्याला कुणी ठेवलं नाही. मुद्देमालाच्या खोलीत बसवलं. आता कपाटाची किल्ली त्याच्याकडेच असते, आणि तो ती सुट्टीवर घेऊन जात नाही.

त्याच खोलीत शिडीही होती, माझ्यासमोरच भिंतीला टेकून. आम्ही तीन वर्षं एकमेकांकडे बघत काढली. शिडी कमी बोलते. मीही विचारलं नाही.

परवा वायरमनची बायको आली. खटला संपला होता, आता शिडी तिची तिला परत मिळणार होती. हवालदारानं तिला ओळखलं. तिनंही ओळखलं. दोघंही उभेच राहिले.

"तुमच्याकडूनच निघाले होते ना त्या दिवशी?" तिनं विचारलं.

"आमच्याकडून निघाले, मग आणखी दोन घरी गेले. जेवून जा म्हणालो होतो आम्ही."

"लोक अजून बोलतात हो. सुट्टीचा दिवस, त्यानंपण घेतली असणार, शिडी घेऊन झोकांड्या खात होता म्हणे. शवविच्छेदनाच्या रिपोर्टात दारू नव्हती, पण कागद कोण वाचतं?"

हवालदारानं कपाट उघडलं. मला चार्जिंगला लावलं. माझा सेन्सर आता मेलाय, पण स्मरणशक्ती शाबूत आहे. एक एक बटण दाबत तो मागे मागे गेला. सत्तेचाळीस. सव्वीस. आजोबांचं सरबत. आणि मग अकरा चाळीस.

"हे त्यांचं," तो म्हणाला.

तिनं मला दोन्ही हातांत धरलं. खूप वेळ पाहिलं.

"शून्यच असणार," ती शेवटी म्हणाली. "चहासुद्धा घरचाच लागायचा त्यांना. बाहेर कुठे घ्यायचे नाहीत." मग मला हळूच टेबलावर ठेवलं, जसं एखाद्याला झोपवतात. "शिडी नेऊ?"

"दोन पायऱ्या वाकल्यात, वहिनी. कशाला लागतेय?"

"आमच्या दाराबाहेरचा दिवा गेलाय. त्या दिवशी घरी आल्यावर लावणार होते."

हवालदारानं शिडी खांद्यावर घेतली. "चला," तो म्हणाला. "मी लावून देतो." खोलीला कुलूप लावायला विसरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

मित्रांनो, हे सगळं मी अर्ध्या उघड्या कपाटातून सांगतोय. सुट्ट्या पुन्हा जवळ आल्या आहेत. तुमच्या घरी पाहुणे येतील, कुणीतरी पेला संपवून उठेल आणि हसत विचारेल, "एवढ्यावर चालेल ना?" त्या वेळी मशीन शोधू नका. माझ्यासारख्या खरं बोलणाऱ्या यंत्रालाही त्या एका माणसाला वाचवता आलं नाही. तुम्ही लहान असाल, तर तुमचं कुणी ऐकत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून बोलू नका. गाडीची चावी उचला आणि तिच्यावर बसून राहा. रागावले तर रागावू देत. मोठी माणसं सकाळी विसरतात.

कारण त्या वेळी रस्त्यावर कुठेतरी शिडी घेऊन कुणीतरी घरी निघालेलं असतं. त्यानं काहीच घेतलेलं नसतं. त्याला बक्षीस नको असतं.

शून्याला घरी जायला मिळू द्या. चिमणीनं तसा शब्द दिला होता.