शुगरवाल्यांची पेढेतुला

ज्योत्स्ना मॅडमना दिल्लीचा पुरस्कार जाहीर झाला आणि कामरगावनं लगोलग ठरवून टाकलं, की मॅडमची पेढेतुला करायची.

पुरस्कार कशाचा, हे गावाला चांगलं ठाऊक होतं. मॅडम कारंज्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. शुगर झालेला माणूस दुसऱ्याच्या घरी गोड का नाकारत नाही, याचं संशोधन त्यांनी कामरगावातच येऊन-जाऊन केलं होतं. निष्कर्ष असा निघाला, की माणूस गोडाला भुलत नाही, आग्रहाला भुलतो. आणि आजार लपवायचा असल्यामुळे ‘नको’ म्हणायला त्याच्याकडे कारणच उरत नाही. उपायही मॅडमनंच काढला. ताट पुढे आलं की हात जोडायचे आणि चारचौघांत मोठ्यानं म्हणायचं, “मले शुगर हाये. मान पोचला.” संशोधनासाठी जमवलेल्या शुगरवाल्यांच्या गटानं हे वाक्य इतकं घोटलं होतं, की कस्तुराबाई एकदा सिलिंडरवाल्यालाही तसंच म्हणून मोकळ्या झाल्या.

तुलेची कल्पना गटाचा म्होरक्या जगदेवभाऊची.

“अहो, पेढे कशाला?” मॅडमनं फोनवर विचारलं. “सगळे शुगरवाले आहेत ना?”

“मंग सत्कार काय भुईमुगाच्या शेंगाइनं करू? पुढाऱ्याची लाडूतुला होते. तुमी काय कमी आहा?”

“पुष्पगुच्छ द्या की.”

“गुच्छ गाय खाते, मॅडम.”

मॅडमनं सत्काराची तारीख देऊन टाकली.

मॅडमची खरी अडचण निराळीच होती. दिवाळीत त्यांनी अकोल्याला जाऊन रक्त तपासून घेतलं होतं. अकोल्यालाच का, तर कारंज्याचा लॅबवाला ओळखीचा. रुग्ण तपासणीला मुद्दाम लांबच्या गावी जातात, हे त्यांनी प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात लिहिलंच होतं. शुगर निघाली. गोळ्या त्यांनी कॅल्शियमच्या डबीत ठेवल्या. ही युक्ती चौथ्या प्रकरणातली. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, सासूला तर नाहीच. आता दिल्लीत ‘आजार उघड बोला’ या विषयावर भाषण करायचं होतं, आणि आपला आजार कुणाला कळू नये एवढीच त्यांची इच्छा होती.

सत्काराच्या दिवशी पुरस्कार समितीकडून डॉ. उत्कर्ष व्हिडिओ काढायला मोबाईल सरसावून हजर झाले. धनसिंगच्या अडत दुकानातला सोयाबीनचा काटा मंडपात आणला होता. काटा इलेक्ट्रॉनिक, त्याला दुसरं पारडंच नाही. म्हणून आधी मॅडमना उभं केलं, आकडा माईकवरून जाहीर केला आणि मग तेवढे पेढे तोलले. बसस्टँडवरच्या जीपवाल्यांनाही मॅडमचं वजन कळलं.

“ओलावा किती कापू?” धनसिंगनं सोयाबीन तोलायच्या सवयीनं विचारलं.

डॉ. उत्कर्ष म्हणाले, “आता ते प्रसिद्ध वर्तन पाहू या.”

ताट फिरलं. जगदेवभाऊनं हात जोडले. “मले शुगर हाये,” तो खणखणीत बोलला. मग जरा थांबून म्हणाला, “पण हा मॅडमच्या बक्षिसाचा पेढा हाये,” आणि तोंडात टाकला. मागोमाग अख्ख्या गटानं टाकला.

“अहो, नाही म्हणायचं ना,” मॅडम कुजबुजल्या.

“लोकाइले म्हणतोच ना. तुमाले कसं म्हणू? एवढे बेइमान नाही आमी.”

डॉक्टरांनी मोबाईल खाली केला. “म्हणजे संशोधकावर जीव जडला की परिणाम उलटा होतो. हे समितीला कळवावं लागेल.”

तेवढ्यात कस्तुराबाई पेढा घेऊन मॅडमच्या तोंडाशी आल्या. सगळे थांबले. मॅडमनं खाल्ला की दुसरी फेरी निघणार होती. खावा तर गट गेला आणि पुरस्कारही. नुसतं नको म्हणावं तर कस्तुराबाईंचा अपमान. नकाराला कारण लागतं, हा त्यांचाच निष्कर्ष. आणि कारण त्यांच्याकडे एकच होतं.

मॅडमनं हात जोडले. “मले शुगर हाये,” त्या कशाबशा म्हणाल्या. “मान पोचला.”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

“काय करून दाखवलं हो,” जगदेवभाऊ म्हणाला. “डोयात पाणी बी आणलं.”

डॉक्टरांनी पुन्हा मोबाईल उचलला. गट खजील झाला. दुसऱ्या फेरीला एकेकानं हात जोडून पेढा नाकारला. धनसिंगनंही नाकारला, त्याला तर शुगर नव्हतीच. पुरस्कार वाचला. खरं बोलूनही कुणाला कळलं नाही, अशी सोय प्रबंधाच्या एकाही प्रकरणात नव्हती.

कस्तुराबाई मात्र पेढा धरूनच उभ्या होत्या. “झालं ना नाटक? आता खा.”

अर्धा खाऊन विषय मिटवता आला असता. मॅडमनं तोंड उघडलंही.

“नाटक नव्हतं, काकू.”

कस्तुराबाई बघतच राहिल्या. त्या धक्क्यात हातातला पेढा त्यांनी स्वतःच्याच तोंडात टाकला.

“कवापासून?”

“दिवाळीपासून.”

“घरी सांगतलं?”

मॅडमनं नकारार्थी मान हलवली.

“फोन लाव, पोरी,” कस्तुराबाई पेढा चावत म्हणाल्या. “मी हाये अठी. कोनी आयकत नसन तर मले दे.”

फोन सासूबाईंनी उचलला. “झाला का सत्कार? पेढे उरले असतील तर घरी घेऊन ये.”

“नाही आणत, आई,” मॅडम म्हणाल्या. “का ते सांगते.” आणि मोकळ्या हातानं त्यांनी पेढ्यांचं ताट कस्तुराबाईंपासून लांब सरकवलं.