खापऱ्याचं घर

इझाबेलने विणकामाची सुई पानाखाली सारली आणि दीडशेहून जास्त वर्षं एकमेकांना चिकटून बसलेली दोन पानं अलगद सोडवली. बाप्तिस्म्याची जुनी वही होती. वाळवीने समास कुरतडला होता, पण शाई शाबूत होती. तिने भिंग धरून एकदा वाचलं, भिंग पदराला पुसून पुन्हा वाचलं. मग उठून चर्चच्या कचेरीचं दार आतून लावून घेतलं. निवृत्त शिक्षिकेला एकटीला हसताना कोणी बघू नये, एवढ्याचसाठी.

नोंद दोन ओळींची. आंतोन, जन्म १८५३. आई रोझा, खापरी, कप्तानाच्या घरची मोलकरीण. बापाची जागा कोरी. खाली वेगळ्या शाईत: मूल घरधन्याने आपलं म्हणून ठेवून घेतलं.

हा आंतोन म्हणजे गॉडफ्रेचा पणजोबा.

गावातली निम्मी घरं मच्याडो. त्यांच्या पूर्वजांना बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याकडे आडनावांचा तुटवडा असावा. म्हणून घरं ओळखायची ती टोपणनावांनी. लग्नपत्रिका असो की नोव्हेंबरात मृतांच्या मिस्सासाठी, चर्चमधल्या प्रार्थनेसाठी, द्यायची नावांची यादी, मच्याडो लिहायचं आणि पुढे कंसात घराचं नाव. गॉडफ्रे मच्याडो म्हणजे कप्तानाचं घर. मूळ कप्तानाकडे मिठाचे दोन मचवे होते. पिढीगणिक सांगण्यात वाढत त्यांचं आता आरमार झालं होतं. इझाबेल मच्याडो म्हणजे खापऱ्याचं घर. खापरी म्हणजे आफ्रिकेतून आणलेला गुलाम. कंस भरायची वेळ आली की इझाबेलच्या वडिलांच्या पेनातली शाई नेमकी संपायची.

शाळेत पोरं तिच्या कुरळ्या केसांत पेन्सिली खोचून बघायची, राहतात की पडतात. ते एक वेळ सोडून देता आलं असतं. पण ती पंचवीस वर्षांची असताना गॉडफ्रेच्या आईने, कॅथरीनबाईंनी, ठरत आलेलं लग्न मोडलं. आवाज न चढवता.

"पोर गुणाची आहे. पण आमच्या घरात खापरी रक्त नको."

गॉडफ्रे शेजारीच बसला होता. केळं सोलत होता. बोलला काही नाही, केळं मात्र पूर्ण खाल्लं. त्या केळ्याचा डूख इझाबेलने छत्तीस वर्षं धरला होता.

आता गॉडफ्रेला नाताळात घराण्याचा मेळावा भरवायचा होता आणि वंशवृक्षाची संगमरवरी पाटी लावायची होती. गावात जुनी पोर्तुगीज अक्षरं लावता येणारी माणसं दोन. एक फादर, त्यांना मोतीबिंदू. दुसरी इझाबेल. तीन महिने ती या कचेरीत कोणत्या आशेने बसत होती, हे गॉडफ्रेने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

रोझा तिला आधीही या जुन्या कागदांत दोनदा भेटली होती. १८४४ साली वय अंदाजे नऊ: सरकारी बोटीने गुलामांचं गलबत पकडलं, त्यातली. इंग्रजांनी आदल्याच वर्षी गुलामी बेकायदा केली होती. तेव्हा पोरीची सुटका झाली आणि सुटका झालेल्या पोरीला एका सभ्य ख्रिस्ती घरात भांडी घासायला ठेवलं. पगाराचा उल्लेख नव्हता. मग थेट १८९६: रोझा, आल्बर्ट मच्याडोच्या ओसरीवर वारली. कप्तानाकडून काढून टाकल्यापासून चाळीस वर्षं तिथेच होती. नातलग कोणी नाही.

आल्बर्ट इझाबेलचा पूर्वज. त्याने रोझाला ओसरी दिली, गावाने त्याच्या घराला नाव दिलं. रक्त राहिलं कप्तानाच्याच घरात. आणि इझाबेलचे केस? ते पाचूबंदरच्या आजीचे होते.

मेळाव्याला तीनशे माणसं, माईक, मटण. माईक घ्यायचा आणि चौथीच्या वर्गाला वाचून दाखवावं तसं सावकाश वाचायचं. मटणाआधी की नंतर, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

रविवारी मिस्सा संपल्यावर गॉडफ्रे कचेरीत आला. खुर्ची ओढून बसला.

"सापडलं काही?"

"बघतेय."

"जरा घाई कर. दगडवाला खोळंबलाय. आणि गंमत ऐक. आमच्या जेसनने तिकडे टोरांटोत थुंकी तपासायला दिली होती."

"आजारी आहे?"

"नाही गं, त्यात वंश कळतो. तीन टक्के आफ्रिका निघाली."

इझाबेलने सुई खाली ठेवली. छत्तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते त्याच्या चेहऱ्यावर शोधलं. तिथे नव्हतं. गॉडफ्रे खुशीत होता.

"हापिसात केक कापला त्याने. तिकडे मान आहे आता असल्या गोष्टींना. कप्तान आफ्रिकेला जायचा ना? एखादी राजकन्या केली असणार."

"मिठाच्या मचव्यातून?"

"तू पण ना. तेवढी राजकन्या शोध. पाटीवर जागा सोडलीय तिच्यासाठी. जेसन म्हणतो, दासी निघाली तरी चालेल. उलट बरंच. आमच्या घराने आसरा दिला, असं लिहिता येतं."

"आसरा."

"सोनेरी अक्षरांत."

"तुझ्या आईला चाललं असतं?"

"तो काळ वेगळा होता." त्याने पिशवीतून केळ्यांची फणी काढून टेबलावर ठेवली. "घरच्या वाडीतली आहेत. तुमच्या घराचं बरं आहे इझाबेल, तुम्हाला टेस्ट करावी लागत नाही."

वही दोघांच्या मध्ये उघडीच होती. त्याचं कोपर रोझाच्या नावापासून चार बोटांवर होतं. इझाबेलने ते कोपर अदबीने उचलून बाजूला ठेवलं आणि वही मिटली.

"नाही सापडली."

"म्हणजे?"

"तिथलं पान वाळवीने खाल्लंय. यापुढेही सापडणार नाही."

"मग ते तीन टक्के?"

"राहू देत. बिननावाचे."

गॉडफ्रेचा चेहरा पडला. पडताना तो नीट दिसावा म्हणून तिने चष्मा वर सरकवला. मग फणीतलं एक केळं तोडलं, सावकाश सोललं आणि काही न बोलता पूर्ण खाल्लं.

दोन नोव्हेंबरला दफनभूमीत मिस्सा झाला. नावं वाचायचं काम नेहमीप्रमाणे इझाबेलकडे. मच्याडो, कप्तानाचं घर: आंतोनपासून कॅथरीनबाईंपर्यंत सगळी नावं तिने स्पष्ट वाचली, कुठेही अडखळली नाही. मग स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद घेतला.

"मच्याडो, खापऱ्याचं घर."

मागच्या रांगांत कुजबुज झाली. तिने ती संपू दिली.

"आल्बर्ट. रोझा."

"हे प्रभो, त्यांना चिरविश्रांती दे," लोक म्हणाले.

पहिल्या रांगेत गॉडफ्रे हात जोडून उभा होता. त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता.